‘भात बंद’ : अल्प-कर्बोदक आहार आणि उतरलेल्या वजनाचे टिकणे

अंबरनाथ शहराच्या पूर्व भागातील पालेगाव हे मुळात उल्हास नदीच्या खोऱ्यातील इतर अनेक गावांप्रमाणे भाताचे गाव. आज तेथे बहुमजली इमारतींच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत, औद्योगिक क्षेत्र जवळच आहे, आणि सकाळच्या लोकलने ठाण्या-मुंबईकडे जाणाऱ्यांची ये-जा हाच गावाचा मुख्य व्यवहार होऊन बसला आहे. तरीही या पट्ट्यातील मराठीत ‘भात’ हा एकच शब्द तीन गोष्टींना पुरा पडतो : शेतात उभे असलेले पीक, झोडून घरी आणलेले तुसासकट धान्य, आणि पानात वाढलेले शिजलेले अन्न. सडल्यावर व शिजण्यापूर्वी तेवढा तो ‘तांदूळ’ होतो. संस्कृत ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेला भाग, जेवण. त्यावरून प्राकृत ‘भत्त’ आणि मराठी ‘भात’. ज्याच्या त्याच्या वाट्याला आलेले अन्न हा या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानात घेतला, म्हणजे वजन उतरविण्यासाठी आलेल्या माणसाला ‘भात बंद करा’ असे सांगणे किती मोठी गोष्ट सांगणे आहे, हे कळून येते.

हा सल्ला आज सर्रास दिला जातो. त्यामागे अल्प-कर्बोदक आहाराची कल्पना आहे : भात, पोळी, भाकरी, साखर, बटाटा यांसारखे पदार्थ वर्ज्य किंवा अत्यल्प करावयाचे आणि त्यांची जागा प्रथिने, स्निग्ध पदार्थ व भाज्या यांना द्यावयाची. या मार्गाने वजन उतरते की नाही, हा प्रश्न आता फारसा वादाचा उरलेला नाही, ते उतरते. वादाचा प्रश्न पुढचा आहे. उतरलेले वजन दोन वर्षांनी, पाच वर्षांनी उतरलेलेच राहते काय? आणि ज्या समाजात जेवण या शब्दाचा अर्थच धान्याभोवती बांधलेला आहे, तेथे हा आहार जन्मभर चालविता येण्याजोगा आहे काय? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा एकत्र विचार करावयाचा आहे, कारण पहिल्याचे उत्तर बहुतांशी दुसऱ्यावर अवलंबून आहे.

प्रथम शब्दांचा गोंधळ दूर करणे अगत्याचे आहे. ‘कर्बोदक’ ही संज्ञा कर्ब आणि उदक यांची संधी करून परकी संज्ञेच्या धर्तीवर घडविलेली आहे. पाठ्यपुस्तकात ती रुळली; स्वयंपाकघरात ती कधीच शिरली नाही. तिच्या जागी दवाखान्यांत ‘पिष्टमय पदार्थ’ हा शब्द वापरला जातो. परंतु ‘पिष्ट’ म्हणजे पीठ. त्यामुळे गूळ, साखर, मध, केळी ही कर्बोदकेच असली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात ‘पिष्टमय’ या वर्गात ती बसत नाहीत. भात सोडून दिवसातून चार वेळा साखरेचा चहा घेणारा मनुष्य आपण पथ्य मोडीत आहोत असे मानीत नाही, आणि त्याच्या भाषेच्या दृष्टीने तो मोडीतही नसतो.

ठाणे जिल्ह्याच्या भातपट्ट्यात याहूनही निराळी अडचण उद्भवते. येथील आगरी, कुणबी घरांत भाकरी तांदळाची असते. पानात भाकरी आहे, भात आहे आणि सोबत कालवण आहे. म्हणजे एकच तांदूळ दोन नावांनी एका जेवणात आलेला आहे. भात बंद करण्याचा सल्ला शब्दशः पाळणारा येथे भात सोडतो आणि एखादी भाकरी अधिक खातो. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पंचेचाळीस ग्रॅमांहून अधिक कर्बोदके असतात. कडक अल्प-कर्बोदक आहाराची दिवसाची कमाल मर्यादा सामान्यतः पन्नास ग्रॅम धरली जाते. तेव्हा या पहिल्या भाकरीबरोबरच त्या दिवसाचा हिशेब बहुतेक संपलेला असतो.

तांदळाऐवजी नाचणी किंवा ज्वारी घेतली की हा प्रश्न सुटतो, असाही एक समज रूढ आहे. नाचणीतील तंतू व चुना यांचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु सर्वच तृणधान्यांत वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश भाग कर्बोदकांचाच असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या देशव्यापी मधुमेह-सर्वेक्षणातील आहारविषयक निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते, आणि एकूण प्रमाण तेच ठेवून केवळ पांढऱ्या तांदळाच्या किंवा मैद्याच्या जागी आख्खा गहू अथवा भरडधान्य आणल्याने मधुमेहाची जोखीम कमी झालेली आढळली नाही. कर्बोदकांचा काही भाग डाळी व दुधातील प्रथिनांनी भरून काढला गेला, तेव्हा ती कमी आढळली.

आणखी एक शब्द येथे पाहण्याजोगा आहे. ‘उपवास’ याचे मराठीत ‘उपास’ झाले आणि त्याबरोबर अर्थही सरकला. उपासाला धान्य चालत नाही. साबुदाणा, बटाटा, रताळे, वरई चालते. पहिली तीन तर निव्वळ पिष्टाची भांडारे आहेत, आणि त्यांपैकी एकही मूळचे भारतीय नाही. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, बटाटा आणि रताळे ही तिन्ही अमेरिका खंडातून आलेली आहेत. ‘फलाहार’ या शब्दाचे ‘फराळ’ होऊन तो शेवटी चकली, शेव आणि लाडू यांच्यापाशी येऊन थांबला, ही कथा तर सर्वांच्या परिचयाची आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण वापरणाऱ्या लोकांना या विसंगतीची पुरती जाणीव होती, असे म्हणावयास हरकत नाही. तात्पर्य, धान्य वर्ज्य करण्याचा सराव मराठी घरांना शतकानुशतके आहे. कर्बोदके वर्ज्य करण्याचा मुळीच नाही.

या आहाराचा आधुनिक इतिहास बहुधा लंडनच्या विल्यम बँटिंगपासून सांगितला जातो. हा अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा सधन व्यावसायिक. अंगाच्या स्थूलतेने तो इतका बेजार झाला होता की जिना उतरताना त्याला पाठमोरे उतरावे लागे. विल्यम हार्वे नामक वैद्याच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे, बिअर ही सोडली, सुमारे वर्षभरात ४६ पौंड वजन उतरविले आणि १८६३ मध्ये आपला अनुभव एका पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. पुस्तिकेचा इतका बोलबाला झाला की त्याच्या आडनावावरून इंग्रजीत एक क्रियापदच निघाले. इंग्रजीत ते लुप्तप्राय झाले. परंतु स्वीडिश भाषेत ‘बांता’ हे क्रियापद वजन उतरविण्यासाठी आहार कमी करणे या अर्थी आजही रोजच्या वापरात आहे, आणि ते वापरणाऱ्या बहुतेकांना बँटिंग ठाऊक नसावा. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने हीच कल्पना नव्याने लोकप्रिय केली.

भारतीय परंपरेत चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय या विषयाचा आहे. निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांपैकी अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचे तेथे सविस्तर विवेचन असून, स्थूलापेक्षा कृश बरा, कारण स्थूलाची चिकित्सा अधिक कठीण, असे मत नोंदविले आहे. कठीण का, याचे दिलेले कारण विचारार्ह आहे : स्थूल माणसाचा जठराग्नी तीव्र असतो, त्याला भूक फार लागते आणि ती मारली तर ती त्यालाच पीडते. म्हणून त्याला पचावयास जड परंतु पोषण कमी करणारे अन्न द्यावे असा चरकाचा रोख आहे. सुचविलेल्या धान्यांत यव, श्यामाक, कोद्रव आहेत आणि त्यांच्या सोबतीला मूग व कुळीथ आहेत. धान्य सर्वस्वी वर्ज्य करण्याची सूचना तेथे नाही.

आता वजन प्रारंभी इतक्या वेगाने का उतरते, ते पाहू. यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या रूपाने पिष्टाचा साठा असतो. प्रौढ शरीरात तो सर्व मिळून सुमारे अर्धा किलो भरतो आणि त्यातील प्रत्येक ग्रॅमसोबत अंदाजे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. कर्बोदके तोडली की काही दिवसांत हा साठा खर्च होतो व पाणी निघून जाते. पहिल्या आठवड्यात काट्यावर दिसणारी दीड-दोन किलोंची घट प्रामुख्याने हीच असते. चरबीचा त्यात वाटा थोडा. पुन्हा भात सुरू करताच हे वजन तितक्याच वेगाने परत येते. ते पाहून ‘भाताने वजन वाढते’ असा पक्का ग्रह होतो, पण त्या दोन दिवसांत वाढलेले असते ते मुख्यतः पाणी. यापुढची घट मात्र खरी चरबीची असते. प्रथिने वाढल्याने पोट भरल्याची भावना टिकते, निवड आकुंचित झाल्याने एकूण खाणे घटते, आणि रक्तातील कीटोन द्रव्ये वाढल्याने कित्येकांची भूकही मंदावते. इन्शुलिन हे चरबी साठविण्यास साहाय्य करणारे संप्रेरक असल्याने ते कमी ठेवले की चरबी आपोआप झडते, अशी एक उपपत्ती या पंथात मांडली जाते. परंतु एकूण उष्मांक व प्रथिने सारखी ठेवून केलेल्या नियंत्रित प्रयोगांत केवळ कर्बोदके कमी केल्याने चरबीच्या घटीत लक्षणीय लाभ दिसून आलेला नाही.

टिकाऊपणाविषयीचा पुरावा आता बराच जमला आहे व त्याची दिशा एकच आहे. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ६३ स्थूल व्यक्तींची दोन गटांत विभागणी केली होती. सहा महिन्यांनी अल्प-कर्बोदक गटाचे वजन ७ टक्क्यांनी आणि रूढ अल्प-स्निग्ध गटाचे ३.२ टक्क्यांनी उतरलेले होते. येथवर पहिल्या पक्षाचा स्पष्ट विजय. बारा महिन्यांनी हेच आकडे ४.४ व २.५ झाले आणि फरक सांख्यिकीय दृष्ट्या नगण्य ठरला. २०१८ मधील एका मोठ्या प्रयोगात ६०९ जणांना वर्षभर अभ्यासले गेले. अल्प-स्निग्ध गटाची सरासरी घट ५.३ किलो, अल्प-कर्बोदक गटाची ६.० किलो, फरक पुन्हा नगण्य. परंतु प्रत्येक गटाच्या आत सुमारे तीस किलो उतरविलेल्यांपासून दहा किलो वाढविलेल्यांपर्यंत सर्व प्रकारची माणसे होती. कोणाला कोणता आहार मानवेल हे जनुकांवरून किंवा इन्शुलिनच्या स्रावावरून सांगता येईल, ही अपेक्षाही फोल ठरली. याच प्रयोगातील एक तपशील येथे विशेष महत्त्वाचा आहे. अल्प-कर्बोदक गटाने प्रारंभी दिवसाला वीस ग्रॅमपर्यंत खाली यावे आणि नंतर जन्मभर पाळता येईल अशा पातळीपर्यंत हळूहळू वर यावे, अशी योजना होती. वर्षाअखेरीस या सुशिक्षित व उत्साही कॅलिफोर्नियावासीयांची सरासरी सुमारे १३० ग्रॅमवर येऊन स्थिरावली होती.

दीर्घ मुदतीचा सर्वांत उद्बोधक प्रयोग इस्रायलमधील डिमोना येथील. एका कार्यस्थळी ३२२ व्यक्तींना तीन प्रकारच्या आहारांत विभागले. दुपारचे मुख्य जेवण कार्यस्थळाच्या उपाहारगृहातच मिळत असे, त्यामुळे पालन उत्तम झाले. दोन वर्षांनी अल्प-स्निग्ध गट २.९, भूमध्यसागरी आहाराचा गट ४.४ आणि अल्प-कर्बोदक गट ४.७ किलोंनी हलका होता. प्रयोग संपल्यावर चार वर्षांनी, म्हणजे आरंभापासून सहा वर्षांनी पुन्हा वजने पाहिली, तेव्हा ही घट अनुक्रमे ०.६, ३.१ आणि १.७ किलो उरली होती. म्हणजे कर्बोदके तोडणाऱ्यांनी मिळविलेल्यापैकी सुमारे दोन-तृतीयांश गमावले. आणि धान्य, कडधान्य, भाज्या, मासे, ऑलिव्ह तेल अशा त्या प्रदेशातील रोजच्या जेवणाशी जवळीक असलेल्या आहाराने सर्वाधिक राखले. एका प्रयोगावरून सिद्धान्त काढणे धोक्याचे असते, हे खरे. परंतु २०२० मध्ये १२१ प्रयोगांतील सुमारे २२ हजार व्यक्तींची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हाही सहा महिन्यांच्या सुमारास दिसणारे चार-साडेचार किलोंचे लाभ बारा महिन्यांपर्यंत बहुतांशी ओसरतात, असेच आढळले. ८११ जणांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणखी एका प्रयोगात कर्बोदकांचे प्रमाण ३५ ते ६५ टक्क्यांपर्यंत बदलून चार आहार योजले होते. दोन वर्षांनी चौघांचे फळ जवळजवळ सारखे निघाले. मात्र मार्गदर्शनाच्या बैठकींना जे अधिक नियमितपणे आले, त्यांचे वजन अधिक उतरले.

वजन परत का येते, याचे उत्तर अंशतः शरीरातच आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५० स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यल्प आहार दिला गेला. त्यांचे वजन उतरले. परंतु त्यानंतर वर्ष लोटले तरी भूक वाढविणारी संप्रेरके चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेलीच होती. गणिती अनुमानानुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दैनिक खर्च वीस-तीस उष्मांकांनी घटतो, तर भूक सुमारे शंभर उष्मांकांनी वाढते. दहा किलो उतरविलेला मनुष्य रोज या हजार उष्मांकांच्या भुकेशी झगडत असतो. त्याला ‘मनोनिग्रह नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. चरकाने स्थूलाच्या पीडादायक भुकेविषयी जे निरीक्षण नोंदविले, त्याचे हे निराळ्या परिभाषेतील रूप मानता येईल, अर्थात दोहोंची उपपत्ती एक आहे असा याचा अर्थ नव्हे.

उत्तराचा दुसरा अंश सामाजिक आहे, आणि तो भाषेत चांगला उमटलेला आहे. मराठीत ‘पथ्य’ ही सीमित काळाची गोष्ट असते. मूळ शब्द ‘पथिन्’ म्हणजे मार्ग यावरून आला. शरीराच्या मार्गाला सोडून नसलेले ते पथ्य. पण व्यवहारात पथ्य ‘पाळले’ जाते, ‘मोडले’ जाते आणि आजार बरा झाला की ‘सुटते’. कावीळ झालेला, विषमज्वरातून उठलेला मनुष्य पथ्य सुटण्याचा दिवस मोजीत असतो. वजन उतरविण्याचा आहार याच साच्यात बसविला गेला. अलीकडे ‘डाएट चालू आहे’ असे म्हणतात, पण ‘चालू आहे’ या प्रयोगातच ते केव्हातरी संपणार हे गृहीत आहे. वरील प्रयोगांतील आलेख सहाव्या महिन्यानंतर वर वळू लागतात, ते याच गृहीतकाच्या बळावर. याउलट ‘जेवण’ सुटत नसते. आहारातील जो बदल पथ्याच्या खात्यातून जेवणाच्या खात्यात जाईल तेवढाच टिकेल, असे या साऱ्या आकडेवारीचे वाचन करता येते.

शिवाय वजन उतरणे ही गोष्ट मराठी कानाला चांगली वाटत नाही. ‘तब्येत सुधारली’ म्हणजे अंग भरले. उलट ‘वाळला’, ‘खंगला’, ‘उतरला’ ही आजाराची व काळजीची क्रियापदे. माहेरी आलेल्या मुलीला ‘बारीक झालीस’ हे शब्द चिंतेच्या सुरात ऐकावे लागतात आणि लागलीच तिच्या पानात भात पडतो. ‘वजन’ या मूळ अरबी शब्दाला तर मराठीत प्रतिष्ठेचा अर्थ चिकटला आहे. वजनदार पुढारी आपले वजन खर्च करतो, ते कमी करीत नाही.

महाराष्ट्रात या शतकात वजनाविषयी जी सर्वांत मोठी चळवळ झाली, तिच्याकडे या दृष्टीने पाहणे उद्बोधक ठरते. डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांच्या विचारांवरून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करीत असताना एक योजना प्रचारात आणली : खरी भूक लागते अशा दोन वेळा ओळखाव्या, तेव्हाच जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत आटोपावे, मध्ये काही खाऊ नये, आणि रोज पाऊण तासात साडेचार किलोमीटर चालावे. हा अल्प-कर्बोदक आहार नव्हे. मात्र समर्थनाची भूमिका तीच, इन्शुलिनचा स्राव कमी वेळा घडावा ही. योजना विनामूल्य होती, तिच्यासाठी काही विकत घ्यावे लागत नव्हते, आणि ती लाखो घरांत पोहोचली. तिच्या प्रसाराचे एक कारण भाषेत सापडते. ‘दोन वेळचे जेवण’ हा मराठीत आधीच रूढ असलेला, पुरेशा अन्नाचा वाचक असा शब्दप्रयोग आहे. ज्याला ते मिळते त्याचे बरे चालले आहे. काय खावे याची नवी यादी या योजनेने दिली नाही, ओळखीच्या आकड्यावर माणसाला परत आणले. बंदी आली ती मधल्या चहा-बिस्किटांवर व फरसाणावर, आणि त्यांना मराठीने ‘जेवण’ कधी म्हटलेच नव्हते. याच काळात ऋजुता दिवेकर यांनी भात व तूप यांची बाजू उचलून धरली आणि थोड्या थोड्या वेळाने खाण्याचा पुरस्कार केला. ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घराघरांत रंगला. दोघांचे सल्ले परस्परविरुद्ध होते, परंतु घरचे नेहमीचे अन्न सोडण्यास दोघांपैकी कोणीच सांगितले नाही, ही गोष्ट त्या वादात बहुधा दुर्लक्षित राहिली. जेवणाच्या वेळा मर्यादित करण्याने मिळणाऱ्या फळाविषयी म्हणावयाचे तर, चीनमध्ये १३९ व्यक्तींवर वर्षभर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उष्मांक तेवढेच ठेवून आठ तासांच्या आत जेवणाऱ्यांचे वजन ८.० किलोंनी आणि वेळेचे बंधन नसणाऱ्यांचे ६.३ किलोंनी उतरले. हा फरक निर्णायक ठरला नाही.

येथवर वजन हेच मोजमाप धरले. मराठी शरीराच्या बाबतीत ते अपुरे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचेच उदाहरण प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या त्यांच्या अभ्यासात जन्मतः हलकी असलेली बालकेही स्नायूंत कमी व चरबीत तुलनेने अधिक असल्याचे दिसले. काट्यावर बारीक दिसणाऱ्या माणसाच्या पोटाभोवती मधुमेहाला पुरेशी चरबी असू शकते. अशा माणसाने वजन न उतरविता आहारातील धान्याचा काही भाग प्रथिनांकडे वळविला, तरी त्याचा लाभ होण्याचा संभव आहे. आणि अविचाराने वजन उतरविताना तुटपुंजे स्नायूच गमावले, तर हानीचा.

किती वळवावा, याविषयी भारतीय आकडे उपलब्ध आहेत. उपरोक्त राष्ट्रीय सर्वेक्षणातील १८,०९० प्रौढांच्या आहारावरून २०२२ मध्ये काढलेल्या अनुमानात मधुमेह माघारी जावा यासाठी ४९ ते ५४ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून आणि १९ ते २० टक्के प्रथिनांतून यावी असे सुचविले आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत धान्यांचा वाटा ४५ टक्के ऊर्जेपुरता ठेवण्यास सांगितले आहे. या प्रमाणांना अल्प-कर्बोदक म्हणता येणार नाही. पाश्चात्त्य प्रयोगांत हे सर्वसामान्य आहाराचे प्रमाण मानले जाते. भातपट्ट्यातील पानाच्या मानाने मात्र ही घट मोठी आहे.

पालेगावात ती कशी साधावयाची? येथे पैशाचा प्रश्न येतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबांना माणशी दरमहा पाच किलो धान्य मिळते व जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. दिवसाला हे सुमारे १६७ ग्रॅम झाले, म्हणजे कर्बोदके सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. वर उल्लेखिलेले कॅलिफोर्नियावासी वर्षाअखेरीस जेथे स्थिरावले, जवळजवळ तेथपर्यंत फुकटच्या शिध्यानेच पोहोचता येते. डाळ, अंडी, मासे व दूध मात्र पदरचे पैसे मोडून आणावे लागते. शाकाहारी घराची अडचण अधिक, कारण डाळींतही पंचावन्न-साठ टक्के कर्बोदकेच असतात आणि त्यांना वगळून प्रथिने आणावयाची तर भार सगळा दूध-पनीरवर पडतो. मांसाहारी आगरी घरात सुकट, जवळा, बोंबील हे स्वस्त व प्रथिनसमृद्ध पदार्थ परंपरेने आहेत. त्यांचे कालवण चवीपुरते असते, कारण पानातील मुख्य वस्तू भात. तसेच भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर या पट्ट्यात वाल व हरभरा घेण्याची रीत आहे. शेते बिल्डरकडे गेली तशी ही रीतही आटत चालली आहे.

घरातील कोणाच्या पानात बदल होतो, हेही पाहिले पाहिजे. पुरुषाला मधुमेह निघाला की त्याच्यासाठी वेगळी भाजी, वेगळे उसळीचे पातेले चढते. बाईला निघाला तर वेगळे काही होत नाही. ती सर्वांमागून बसते आणि उरलेल्यावर भागविते, आणि सर्वांची वाढणी झाल्यावर उरतो तो बहुधा भातच. इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी वैद्याला न विचारता धान्य एकदम तोडणे धोक्याचे असते, कारण औषधाची मात्रा तीच राहून रक्तातील साखर घातक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. हा इशाराही घरातील ज्या व्यक्तीपर्यंत पोहोचावयास हवा, ती बहुधा दवाखान्यात सोबत नसते.

सल्ल्याची भाषा बदलणे मात्र बिनखर्चाचे आहे. ‘भात बंद’ हे वाक्य या पट्ट्यात तिघांना तीन अर्थांनी कळते आणि कोणालाही सहा महिन्यांपलीकडे पाळता येत नाही. मराठी जेवणाला भाताची मोजणी ठाऊक आहे : वरणाबरोबरचा पहिला भात, मधला भात, ताकाबरोबरचा शेवटचा भात. पांढरपेशा घरांत रोजच्या पानातून मधला भात केव्हाच गेला. तो सणावारी मसालेभात म्हणून येतो आणि त्याच्या जाण्याला कोणी पथ्य म्हटल्याचे ऐकिवात नाही. पालेगावच्या पानात भाकरी व भात दोन्ही असतात. एका वेळच्या पानात त्यांपैकी एकच वाढावे, दुसऱ्याच्या जागी वालाचे बिरडे किंवा सुकटीचे कालवण पळीभर अधिक वाढावे, असे सांगितले तर ‘कर्बोदक’ हा शब्द उच्चारण्याची गरजच पडत नाही.